सर्व्हरवर इन्स्टॉल फसलं तर लॉगमध्ये काय शोधायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उबंटू किंवा डेबियन या लिनक्सच्या प्रकारांवर एन्जिनएक्स (वेब सर्व्हर), पोस्टग्रेस, मारियाडीबी (दोन्ही डेटाबेस) अशी सॉफ्टवेअर स्वतःच्या हाताने इन्स्टॉल करणाऱ्यांसाठी हे पान आहे. कॉलेजची लॅब सांभाळणारे, एखाद्या संस्थेचं संकेतस्थळ चालवणारे, भाड्याच्या क्लाउड मशीनवर पहिल्यांदाच काम करणारे, अशा लोकांनी मला वेळोवेळी विचारलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. कमांड आणि एरर उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलवर त्या इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी अंकांतच टाकायच्या. कॅपिटल असं सांगितलं नसेल तिथे अक्षर स्मॉल समजा. बहुतेक कमांडच्या आधी “सुडो” (म्हणजे ॲडमिनच्या अधिकाराने चालव) लागेल.

इन्स्टॉल फसलं. सगळं काढून पुन्हा टाकू का?

नको. हा सल्ला सगळ्यात आधी देतो, कारण सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. सॉफ्टवेअर ज्या कारणाने उभं राहिलं नाही ते कारण बहुतेक वेळा सॉफ्टवेअरच्या बाहेर असतं: पोर्ट (सर्व्हिस ज्या क्रमांकावर ऐकते तो) अडलेला असतो, डिस्क भरलेली असते, फाइलची परवानगी चुकलेली असते. पुन्हा टाकल्याने यातलं काहीच बदलत नाही. शिवाय “ॲप्ट रिमूव्ह” (ॲप्ट म्हणजे पॅकेज टाकणारा-काढणारा प्रोग्रॅम) कॉन्फिगरेशनच्या फाइल मागे ठेवतं, म्हणजे चुकीची ओळ तिथेच राहते आणि नव्या इन्स्टॉलमध्ये परत डोकं वर काढते. “ॲप्ट पर्ज” त्या फाइलही पुसतं, पण डेटाबेसच्या बाबतीत ते डेटा पुसायचा का असंही विचारू शकतं, आणि घाईत “येस” दाबलं की मग बॅकअप शोधत बसावं लागतं.

एका वाचनालयाच्या मशीनवर मी स्वतः डेटाबेस तीन वेळा काढून पुन्हा टाकला होता. डिस्क शंभर टक्के भरली होती, आणि ते पहिल्याच प्रयत्नाच्या लॉगमध्ये स्वच्छ लिहिलेलं होतं. तेव्हापासून आधी लॉग, मग हात.

लॉग म्हणजे नेमकं काय? तो असतो कुठे?

दुकानाच्या हिशेबात कीर्द असते तसा. जे घडलं ते, ज्या क्रमाने घडलं त्या क्रमाने, वेळेसकट. इंग्रजीत कीर्दीला जर्नल म्हणतात आणि सिस्टमडीच्या (मशीनवरच्या सर्व्हिस चालू-बंद करणाऱ्या यंत्रणेच्या) लॉगचं नावही जर्नलच आहे. ही तुलना लक्षात ठेवली की वाचायची पद्धतही आपोआप येते: खतावणीसारखा खात्याचा निष्कर्ष इथे मिळत नाही, नोंदी क्रमाने वाचून तो आपणच काढायचा असतो.

नोंदी मात्र एकाच वहीत नसतात. सिस्टमडी ज्या सर्व्हिस चालू करतं त्यांचं बोलणं “जर्नलसीटीएल” या कमांडने दिसतं. पॅकेज इन्स्टॉल होताना स्क्रीनवर जे आलं ते जसंच्या तसं “/व्हार/लॉग/ॲप्ट/टर्म.लॉग” मध्ये उतरलेलं असतं. टर्मिनल बंद केलं, आता एरर कुठून आणू, असं विचारणाऱ्यांना या फाइलचा पत्ता नसतो. कोणतं पॅकेज कधी आलं-गेलं ते शेजारच्या “हिस्टरी.लॉग” मध्ये मिळतं. आणि मोठ्या सॉफ्टवेअरची आपापली वही असते: “/व्हार/लॉग/एन्जिनएक्स/एरर.लॉग”, “/व्हार/लॉग/पोस्टग्रेएसक्यूएल/” वगैरे. एका वहीत काही सापडलं नाही तर दुसरी उघडा.

स्क्रीनभर एरर येतात. वाचायला सुरुवात कुठून करायची?

खालून वर जा आणि पहिली एरर शोधा. शेवटची ओळ हा फक्त निरोप असतो, कारण नव्हे.

नेहमी भेटणारं उदाहरण घेऊ. एन्जिनएक्स टाकताना शेवटी येतं: “सब-प्रोसेस /यूएसआर/बिन/डीपीकेजी रिटर्न्ड ॲन एरर कोड (१)”. लोक हीच ओळ शोधतात आणि हजार वेगवेगळी उत्तरं मिळाल्याने गोंधळतात. या ओळीत इतकंच आहे की ॲप्टने डीपीकेजीला (पॅकेज प्रत्यक्ष उतरवणाऱ्या प्रोग्रॅमला) काम दिलं आणि ते झालं नाही. वर सरका. तिथे असतं की पोस्ट-इन्स्टॉलेशन स्क्रिप्ट फसली. म्हणजे फाइल डिस्कवर उतरल्या आहेत, नंतरचं काम अडलं आहे. त्या कामात मुख्य असतं सर्व्हिस सुरू करणं. आता सर्व्हिसलाच विचारा: “सिस्टमसीटीएल स्टेटस एन्जिनएक्स”, आणि मग “जर्नलसीटीएल -यू एन्जिनएक्स -बी”. तिथे खरी ओळ सापडते: “सॉकेट() [::]:८० फेल्ड (९७: ॲड्रेस फॅमिली नॉट सपोर्टेड बाय प्रोटोकॉल)”.

आता अर्थ लागतो. या मशीनवर आयपीव्ही६ (नेटवर्क पत्त्यांची नवी पद्धत) बंद केलेलं आहे आणि एन्जिनएक्सची मूळ कॉन्फिगरेशन फाइल आयपीव्ही६ वरही ऐकायला बघते. “/इटीसी/एन्जिनएक्स/साइट्स-अव्हेलेबल/डिफॉल्ट” मधली “लिसन [::]:८०” ही ओळ काढा, “एन्जिनएक्स -टी” ने फाइल तपासा, आणि “डीपीकेजी --कॉन्फिगर -ए” चालवा. अर्धवट राहिलेलं इन्स्टॉल तिथूनच पुढे पूर्ण होतं.

ॲप्ट, डीपीकेजी, स्क्रिप्ट, सिस्टमडी, एन्जिनएक्स: पाच पायऱ्या. प्रत्येक पायरी वरच्याला फक्त “नाही जमलं” एवढंच कळवते. कारण तळाच्या पायरीलाच माहीत असतं.

जर्नलमध्ये लाखो ओळी आहेत. हवं ते कसं काढू?

गाळून. “-यू” ने एकच सर्व्हिस, “-बी” ने मशीन शेवटचं सुरू झाल्यापासूनच्या नोंदी, “--सिन्स” नंतर अवतरणात “१० मिनिट्स अगो” लिहिलं की तेवढ्याच. “-पी ईआरआर” ने एरर आणि त्याहून गंभीर नोंदी. सिसलॉग या जुन्या लॉग-पद्धतीच्या परंपरेत ० ते ७ अशा आठ पातळ्या आहेत, ० सर्वांत गंभीर, एरर ही ३. पण “-पी” वर फार विसंबू नका. पुष्कळ सॉफ्टवेअर आपली एरर साधी माहिती म्हणून लिहितात आणि मग ती या गाळणीतून निसटते.

माझी आवडती रीत दोन खिडक्यांची. एकीत “जर्नलसीटीएल -एफ” चालू ठेवा, दुसरीत सर्व्हिस रीस्टार्ट करा. जे घडतं ते डोळ्यांसमोर घडतं. साध्या फाइलसाठी “टेल” वापरत असाल तर कॅपिटल एफ द्या. रात्री लॉगची फाइल बदलली तरी तो नव्या फाइलला धरून राहतो, स्मॉल एफ जुन्यालाच चिकटतो.

मशीन रीस्टार्ट झाल्यावर जुन्या नोंदी गायब होत असतील तर “/व्हार/लॉग/जर्नल” ही डिरेक्टरी आहे का पाहा. मूळ सेटिंगमध्ये ती नसेल तर जर्नल फक्त मेमरीत राहतं.

“ॲड्रेस ऑलरेडी इन यूज” म्हणजे?

तुम्हाला हवा असलेला पोर्ट दुसऱ्या कोणीतरी धरला आहे. कोणी ते “एसएस -टीएलएनपी” सांगतं: कोणता पोर्ट, कोणता प्रोसेस, त्याचा क्रमांक काय. “सुडो” शिवाय चालवलं तर दुसऱ्या युजरच्या प्रोसेसचं नाव दिसत नाही, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. ८० वर बहुतेक वेळा आधीपासून अपाची बसलेला असतो. दोघांपैकी एकाला थांबवा किंवा एकाचा पोर्ट बदला.

पोस्टग्रेसमध्ये याचा एक शांत प्रकार आहे. जुनी आवृत्ती ५४३२ वर चालू असताना नवी टाकली तर एरर येतच नाही. नवी ५४३३ वर जाऊन बसते आणि तुमचं ॲप्लिकेशन जुन्याशीच बोलत राहतं. “पीजी_एलएसक्लस्टर्स” चालवा, दोन्ही ओळी दिसतील.

कंसातले आकडे कशाचे असतात?

लिनक्सच्या स्वतःच्या एरर क्रमांकांचे. शब्द बदलतात, आकडे बदलत नाहीत, म्हणून मी आकड्यांवर जास्त भरवसा ठेवतो. २ म्हणजे फाइल किंवा डिरेक्टरी नाही. १३ म्हणजे परवानगी नाही. २८ म्हणजे डिस्कवर जागा नाही. ९८ पोर्ट व्यापलेला. ११० वाट पाहून वेळ संपली, म्हणजे बहुधा फायरवॉलने नेटवर्कवरचं पॅकेट गिळलं. १११ म्हणजे समोरच्याने नकार दिला: मशीनपर्यंत पोचलात, पण त्या पोर्टवर कोणी ऐकत नाही. ११० आणि १११ मधला हा फरक ओळखता आला की निम्मी भटकंती वाचते.

सर्व्हिस सुरू होते आणि लगेच मरते. “स्टार्ट रिक्वेस्ट रिपीटेड टू क्विकली” असं येतं.

ही एरर नाही, सिस्टमडीची माघार आहे. मूळ सेटिंगनुसार १० सेकंदांत ५ प्रयत्न झाले की ते पुढचा प्रयत्न नाकारतं. त्याच्या वरच्या नोंदी पाहा. दुरुस्ती झाल्यावर “सिस्टमसीटीएल रीसेट-फेल्ड” आणि सर्व्हिसचं नाव द्या, मग सुरू करा.

स्टेटसमध्ये दिसणारा कोडही खूप काही सांगतो. २०३ आणि पुढे “एक्झेक” असेल तर सिस्टमडीला ती फाइल चालवताच आली नाही: मार्ग चुकला, चालवायची परवानगी नाही, किंवा इंटेलसाठीचा प्रोग्रॅम एआरएम मशीनवर आणला. “यूनेम -एम” ने मशीनची जात कळते. २१७ म्हणजे युनिट फाइलमध्ये (सिस्टमडीसाठीच्या त्या सर्व्हिसच्या सूचनांच्या फाइलमध्ये) लिहिलेला युजरच अस्तित्वात नाही. शेल स्क्रिप्टमधून १२७ आला तर कमांड सापडली नाही, १२६ आला तर सापडली पण चालवता आली नाही. शेलकडूनच १२८ च्या पुढचा आकडा आला तर त्यातून १२८ वजा करा. १३७ मधून ९ उरतात. ९ म्हणजे किल. कोणीतरी प्रोसेस मारला.

कोणी मारला? मी तर काहीच केलं नाही.

बहुधा कर्नलने (लिनक्सच्या गाभ्याने), मेमरी संपली म्हणून. “डीएमईएसजी -टी” चालवा, इथे टी कॅपिटल, आणि “आउट ऑफ मेमरी” शोधा. सापडलं तर त्याच ओळीत मारलेल्या प्रोसेसचं नाव असतं. लक्षात घ्या, सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या लॉगमध्ये याचा मागमूस नसतो. लिहायला वेळच मिळालेला नसतो. नोंद मधेच तुटलेली दिसली की मी थेट कर्नलच्या लॉगकडे जातो.

५१२ एमबी किंवा १ जीबीच्या स्वस्त मशीनवर हे सर्रास घडतं. “फ्री -एच” मध्ये “फ्री” नव्हे, “अव्हेलेबल” हा रकाना पाहा; लिनक्स मोकळी मेमरी कॅशसाठी वापरतं, त्यामुळे “फ्री” कमी दिसणं हा आजार नाही. स्वॅप (मेमरी कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) शून्य असेल तर १ किंवा २ जीबीची स्वॅप फाइल तयार करा. मारियाडीबीचा बफर पूल (डेटा मेमरीत धरून ठेवायची जागा) कोणी एखाद्या मोठ्या सर्व्हरच्या लेखातून उचलून २ जीबी केला असेल तर तो आधी खाली आणा. त्याचं मूळ मूल्य १२८ एमबी आहे आणि छोट्या संकेतस्थळाला सुरुवातीला ते पुरतं.

“नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस” येतं, पण डिस्क रिकामी दिसते!

तीन शक्यता, याच क्रमाने तपासा.

“डीएफ -एच” मध्ये सगळी पार्टिशन पाहा. मुख्य डिस्क रिकामी असेल आणि “/बूट” किंवा “/व्हार” वेगळं असून भरलेलं असेल. कर्नल अपडेट अडकण्यामागे भरलेलं “/बूट” बरेचदा असतं; “ॲप्ट ऑटोरिमूव्ह” जुने कर्नल काढतं.

मग “डीएफ -आय”. हा इनोडचा, म्हणजे प्रत्येक फाइलमागे लागणाऱ्या नोंदीचा हिशेब. फाइल किती मोठी यापेक्षा किती संख्येने आहेत यालाही मर्यादा असते. सेशनच्या किंवा कॅशच्या लाखो चिमुकल्या फाइल साचल्या की जीबी शिल्लक असतात, पण नवी फाइल तयार होत नाही.

तिसरी जरा फसवी. कोणी भला मोठा लॉग “आरएम” ने उडवला, पण तो प्रोसेसने उघडा ठेवला आहे. नाव गेलं, जागा सुटली नाही. “एलएसओएफ +एल१”, इथे एल कॅपिटल, अशा फाइल दाखवतं. तो प्रोसेस रीस्टार्ट केला की जागा मोकळी होते. म्हणून चालू लॉग कधी पुसू नये, “ट्रंकेट -एस ०” ने रिकामा करावा.

परवानगी ७७७ दिली तरी “परमिशन डिनाइड” येतं. का?

आधी ती ७७७ (सगळ्यांना सगळं करायची मुभा) मागे घ्या. मनापासून सांगतो, ही सवय घातक आहे. संकेतस्थळाच्या फोल्डरमध्ये कोणीही लिहू शकेल अशी सोय करून ठेवली की आत शिरलेला माणूस तिथे काहीही पेरू शकतो, आणि मूळ अडचण बहुतेक वेळा तशीच राहते.

फाइलपर्यंत पोचायला वाटेतल्या प्रत्येक डिरेक्टरीतून जाता आलं पाहिजे. “नेमआय -एल” आणि पूर्ण मार्ग दिला की प्रत्येक पायरीचा मालक आणि परवानगी एका खाली एक दिसते. उबंटूत २१.०४ पासून नव्या युजरची होम डिरेक्टरी ७५० (इतरांना प्रवेश नाही) असते, पूर्वी ७५५ (इतरांनाही प्रवेश) असायची. त्यामुळे जुन्या लेखांत सांगितल्याप्रमाणे संकेतस्थळ होममध्ये ठेवलं की एन्जिनएक्सचा “डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा” युजर दारातच अडतो आणि लॉगमध्ये १३ येतो. संकेतस्थळ “/व्हार/डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू” मध्ये हलवा. खात्री करायची तर त्या युजरच्याच नावाने वाचून पाहा: “सुडो -यू डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा कॅट” आणि फाइलचं नाव.

तरीही सगळं बरोबर दिसत असेल तर वरचा पहारेकरी वेगळा आहे. मायएसक्यूएलचा डेटा दुसऱ्या डिस्कवर हलवल्यावर उबंटूतलं ॲपआर्मर अडवतं. “डीएमईएसजी” मध्ये “ॲपआर्मर” आणि “डिनाइड” एकाच ओळीत दिसतात. रेड हॅटच्या घराण्यात ही जागा एसईलिनक्सची आहे, तिथे “ऑसर्च -एम एव्हीसी -टीएस रीसेंट” विचारा. मारियाडीबीच्या युनिट फाइलमध्ये “प्रोटेक्टहोम” हे बंधन असतं, म्हणून डेटा होममध्ये नेला तर त्या सर्व्हिसला ते फोल्डर दिसतच नाही. “सिस्टमसीटीएल कॅट मारियाडीबी” वाचलं की उलगडतं. पहारेकऱ्याला कायमचं झोपवू नका, त्याला नवा पत्ता सांगा.

ब्राउझरमध्ये ५०२ दिसतो. एन्जिनएक्स बिघडला का?

उलट तो चालू आहे म्हणूनच ५०२ सांगू शकतोय. मागचं ॲप्लिकेशन त्याला सापडत नाही. एन्जिनएक्सच्या एरर लॉगमध्ये “कनेक्ट() फेल्ड” च्या पुढचा आकडा पाहा: १११ असेल तर ॲप्लिकेशन बंद आहे किंवा दुसऱ्या पोर्टवर आहे, २ असेल तर सॉकेट फाइलचा मार्ग चुकला, १३ असेल तर परवानगी. मग सर्व्हरवरूनच “कर्ल -व्ही” ने मागच्या पोर्टला थेट हाक मारा. ५०४ असेल तर बहुधा ॲप्लिकेशन भेटलं, पण वेळेत उत्तर दिलं नाही.

“कुड नॉट गेट लॉक” येतं. लॉकची फाइल उडवू का?

उडवू नका. नव्या क्लाउड मशीनवर पहिल्या काही मिनिटांत सुरक्षा अपडेट आपोआप चालू असतात. ॲप्ट बहुधा प्रोसेसचा क्रमांकही सांगतं. थांबा, चहा घ्या. लॉक मोडून दोन इन्स्टॉल एकदम चालले तर पॅकेजची नोंदवही बिघडते, आणि ते निस्तरणं फार कष्टाचं आहे.

लॉगमधली वेळ जुळत नाही. बिघाड सकाळी दहाला झाला, तिथे काहीच नाही.

साडेचारला पाहा. क्लाउडवरची बहुतेक मशीन यूटीसीवर (जागतिक प्रमाण वेळेवर) असतात आणि आपण साडेपाच तास पुढे. एन्जिनएक्सच्या ॲक्सेस लॉगमध्ये वेळेशेजारी “+००००” किंवा “+०५३०” असतं, एरर लॉगमध्ये मात्र नसतं. “टाइमडेटसीटीएल” चालवून मशीन कोणत्या वेळेत जगतंय ते आधी बघा. ऑफिसातल्या जुन्या मशीनची सीमॉस बॅटरी संपली तर घड्याळ मागे पडतं, आणि मग ॲप्ट “रिलीज फाइल इज नॉट व्हॅलिड येट” म्हणतं. नेटवर्क ठीक, रिपॉझिटरी ठीक, तारीख चुकीची.

डेटाबेसमध्ये मराठीच्या जागी प्रश्नचिन्हं दिसतात, किंवा “की टू लाँग” येऊन इन्स्टॉल थांबतं.

देवनागरीचं प्रत्येक अक्षरचिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेतं. मायएसक्यूएलचं जुनं “यूटीएफ८” ३ बाइटांपर्यंतच जातं, म्हणून त्यात मराठी बसते पण इमोजी बसत नाहीत. त्यासाठी “यूटीएफ८एमबी४” लागतं. प्रश्नचिन्हं आली तर टेबल किंवा जोडणी यांपैकी एक लॅटिन१ वर राहिलं आहे. “शो व्हेरिएबल्स लाइक” पुढे “कॅरेक्टर_सेट%” टाकून जोडणी पाहा, आणि “शो क्रिएट टेबल” पुढे टेबलचं नाव टाकून टेबल. टेबल लॅटिन१ असेल तर साठवतानाच प्रश्नचिन्ह झालेला मजकूर परत मिळत नाही, म्हणून खरा डेटा भरण्याआधी एक मराठी वाक्य साठवून परत वाचा.

“की टू लाँग” चं गणित सोपं आहे. जुन्या आवृत्त्यांत इंडेक्सची मर्यादा ७६७ बाइट. २५५ अक्षरं गुणिले ३ म्हणजे ७६५, बसतात. गुणिले ४ म्हणजे १०२०, बसत नाहीत. १९१ अक्षरांचे ७६४ होतात, म्हणून काही ॲप्लिकेशनमध्ये तो विचित्र वाटणारा १९१ दिसतो. शक्य असेल तर डेटाबेसची नवी आवृत्ती घ्या.

कॉन्फिगरेशनची ओळ अगदी बरोबर आहे, तरी सिंटॅक्स एरर येते.

डोळ्यांना न दिसणारं काहीतरी आहे. “कॅट -ए”, ए कॅपिटल, चालवा. ओळीच्या शेवटी कॅरेट-एम दिसला तर फाइल विंडोजवर लिहिली आहे. “डॉस२युनिक्स” ने सुधारा. वर्ड किंवा वेबपानावरून आलेली वळणदार अवतरणचिन्हं आणि न तुटणारी मोकळी जागा “एम-” ने सुरू होणाऱ्या खुणांत उघड होतात. मराठी मजकुराजवळून कॉपी केलं असेल तर जोडाक्षरांसाठीचं अदृश्य चिन्हही सोबत येऊ शकतं. ती ओळ हाताने पुन्हा टाइप करणं सगळ्यात जलद.

दुसऱ्याला मदत मागताना काय पाठवू?

मोबाइलने काढलेला स्क्रीनचा फोटो नको, मजकूर पाठवा. वितरणाचं (उबंटू, डेबियन वगैरे) नाव आणि आवृत्ती, काय करत होता, पहिल्या एररच्या आधीच्या वीसेक ओळी. मशीनची भाषा बदललेली असेल तर कमांडच्या आधी “एलसी_ऑल=सी”, इथे सगळी अक्षरं कॅपिटल, लावा, म्हणजे एरर मूळ इंग्रजीत येईल आणि शोधताही येईल. पाठवण्याआधी पासवर्ड, टोकन, ग्राहकांचे मोबाइल क्रमांक पुसा. ॲप्लिकेशनच्या लॉगमध्ये ते असतात, आपल्याला वाटतं त्यापेक्षा जास्त.

लॉग किती दिवस ठेवायचे?

भारतात सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी दिलेल्या निर्देशांनुसार सेवा पुरवठादार, मध्यस्थ, डेटा सेंटर, कंपन्या आणि सरकारी संस्थांनी आपल्या यंत्रणांचे लॉग १८० दिवस सांभाळायचे आहेत. घड्याळ एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा एनपीएल (राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा) यांच्या वेळेशी जुळवण्याचंही त्यातच सांगितलं आहे. उबंटूवर एन्जिनएक्सचं लॉगरोटेट (जुने लॉग बाजूला काढून पुसणारी सोय) मात्र रोज एक फाइल करून १४ च ठेवतं. पंधराव्या दिवशी पहिली गेली. “/इटीसी/लॉगरोटेट.डी/एन्जिनएक्स” मध्ये “रोटेट १४” च्या जागी १८० च्या वरचा आकडा घाला, “लॉगरोटेट -डी” ने काहीही न बदलता तपासून घ्या, आणि तेवढे दिवस साठवायला डिस्कवर जागा आहे का ते “डीएफ -एच” ने पाहा. जुन्या फाइल दाबून ठेवलेल्या असतात. त्या सोडवत बसू नका, “झेडग्रेप” त्यांच्या आतच शोधतं.